कुलूप लावायला शिकवायचं कोणाला, आणि ते ओळखायला शिकवायचं कोणाला?

लातूरजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे सगळी मिळून साठ-पासष्ट माणसं आहेत, निम्मी ठेकेदाराची. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे आणि त्यात लोटोच्या (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे मशीन बंद करून कुलूप-चिठ्ठी लावण्याच्या) ट्रेनिंगची नोंद मागितली आहे. मालक म्हणतात, दोन फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन शिकले की पुरे, बाकीच्यांना उत्पादनातून कशाला काढायचं? नेमकं कोणाला शिकवणं गरजेचं आहे?"

मी आयटीआय करून फिटर म्हणून वाळूजला लागलो. पुढे सगळी नोकरी देखभाल विभागातच झाली, आणि आता मराठवाड्यातल्या कारखान्यांमध्ये हेच शिकवत फिरतो. मालकांची यादी चूक नाही, पण ती अर्धीसुद्धा नाही. हुद्दे बघून यादी काढली की अशीच निघते. त्याऐवजी प्रत्येक मशीनसमोर उभं राहून दोन गोष्टी विचारा. या मशीनच्या आत कोणाकोणाचा हात जातो? आणि हे मशीन चालू करायला कोणाकोणाचं बोट पोचतं? या दोन उत्तरांत जेवढी नावं येतील तेवढ्यांना शिकवायचं. प्रत्येकाला सारखं नाही, पण वगळायचं कोणालाच नाही.

ज्यांनी लोटो हा शब्द फक्त पाटीवर वाचला आहे त्यांच्यासाठी: मशीनमध्ये काम करण्याआधी तिला येणारी वीज, हवा, वाफ, तेलाचा दाब, जे काही असेल ते मुळाशी बंद करायचं, तिथे स्वतःचं कुलूप घालायचं, नावाची चिठ्ठी लटकवायची, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, आत अडकून राहिलेला जोर सोडून द्यायचा आणि शेवटी चालू करून पाहायचं की खरंच चालू होत नाही ना. कुलूप त्या मशीनच्या रक्षणासाठी नसतं, आतल्या माणसाच्या रक्षणासाठी असतं.

आता हाताचं बघू. तुमच्याकडे मिक्सर असणार. सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि मळी एकत्र आली की पात्यांना थर बसतो, तो वाळला की दगडासारखा होतो. तो काढतं कोण? फिटर नाही. ठेकेदाराचा हेल्पर झाकण उघडतो, खुरपं घेतो आणि कमरेपर्यंत आत उतरतो. माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा बूट, म्हणजे खालचं टोक, तुंबला की खालची खिडकी उघडून हाताने माल ओढतो तोही तोच. मी अशा ठिकाणी गेलो की शिफ्ट संपायच्या सुमारास जाऊन उभा राहतो, कारण साफसफाई तेव्हा होते आणि खरी यादी तेव्हा दिसते. फिटर महिन्यातून चार वेळा आत जात असेल, तर हेल्पर दिवसातून दोनदा जातो. आणि ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावर नाव असतं फिटरचं!

बोटाचं मला कसं कळलं ते सांगतो. परभणी जिल्ह्यातली एक जिनिंग होती, नाव सांगत नाही. कापसाचा हंगाम जोरात, रात्रीची पाळी. मी तिथे प्रेसच्या हायड्रॉलिकच्या कामासाठी आलो होतो. साडेदहाच्या सुमारास लाईट गेली. आपल्याकडे लाईट गेली की माणसं दोनच गोष्टी करतात, तंबाखू मळतात नाही तर तुंबलेलं मोकळं करून घेतात. सरकी वाहून नेणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरला रुईचा गोळा अडकला होता. एका पोराने पत्र्याचं झाकण सरकवलं आणि हात घातला. त्याचा हिशोब साधा होता, लाईटच नाही तर फिरणार कसं? पन्नास पावलांवर जनरेटरच्या खोलीत डीजी (डिझेल जनरेटर) ऑपरेटर बसलेला. त्याने त्याचं काम चोख केलं, लाईट गेल्यावर दोन मिनिटांत जनरेटर घेतला. त्या कन्व्हेयरचा स्विच जुना, फिरवायचा, चालू स्थितीतच राहिलेला. पोराची तीन बोटं गेली.

त्या रात्री दवाखान्याच्या ओट्यावर सगळ्यात जास्त रडत होता तो डीजी ऑपरेटर. "साहेब, मला कोणी सांगितलंच नाही की कोणी आत हाय म्हणून." खरंच कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायला हवं असं तिथल्या कोणाच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. कारण तो मशीनवरचा माणूस नव्हता. त्यानंतर मी कुठल्याही कारखान्यात गेलो तरी यादीतलं पहिलं नाव डीजी ऑपरेटरचं लिहितो. तुमच्याकडे जनरेटर आपोआप लोड घेणारा असेल तर प्रश्न आणखी बिकट, कारण तिथे बोटही लागत नाही. अशा वेळी हेल्परला एवढं एक वाक्य पाठ झालं पाहिजे: लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही.

हे वाक्य आपल्या भागात शिकवायला सोपं जातं, कारण बहुतेक कामगार शेतकऱ्याच्या घरातले असतात. विहिरीवरच्या मोटरला स्टार्टरमध्ये 'ऑटो' बसवलेला असतो. रात्री-अपरात्री थ्री फेज आला की मोटर आपली आपण चालू व्हावी म्हणून. त्याच ऑटोमुळे, लाईट नाही म्हणून मोटरच्या वायरीला हात घातलेला माणूस दगावू शकतो, हे गावागावात माहीत आहे. मी वर्गात विचारतो, "तुमच्या विहिरीवर काम करताना ऑटो काढता की नाही? आणि फ्यूज काढून खिशात ठेवता की डब्यावर?" खिशात ठेवतो म्हणणारे दोन-चार निघतातच. त्यांना सांगतो, तुम्हाला लोटो अर्धं येतं. मळणी यंत्रात अडकलेला सोयाबीनचा पाला काढताना ट्रॅक्टर बंद करून चावी स्वतःजवळ ठेवणाऱ्यालाही येतं.

आता शिकवण्याचे थर. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने १९८९ साली याबद्दलचा नियम काढला. तो आपल्यावर बंधनकारक नाही, पण तुमच्याकडे येणाऱ्या ऑडिटरचा तक्ता बहुतेक त्यावरूनच केलेला असतो, म्हणून माहीत असावा. त्यात माणसांचे तीन गट आहेत. स्वतः कुलूप लावून काम करणारे ते अधिकृत. ज्या मशीनला कुलूप लागतं तिच्यावर किंवा तिच्या आसपास काम करणारे ते बाधित, म्हणजे ऑपरेटर वगैरे. आणि त्या भागातून ज्यांची ये-जा असते ते इतर. पहिल्यांना सगळं यायला हवं, दुसऱ्यांना कुलूप का आणि कशासाठी हे कळायला हवं, तिसऱ्यांना एवढंच की कुलूप-चिठ्ठी दिसली तर ते मशीन चालू करायचं नाही आणि कुलपाला हात लावायचा नाही. विभागणी चांगली आहे. फक्त आपल्याकडे एक गफलत होते: हेल्परला लोक दुसऱ्या गटात टाकतात. मिक्सरमध्ये उतरणारा हेल्पर हा पहिल्या गटातला माणूस आहे, त्याचा पगार कितीही असो. एक तर त्याला पूर्ण शिकवा आणि त्याच्या नावाचं कुलूप द्या, नाही तर त्याचा हात आत जाणार नाही अशी व्यवस्था करा. मधला मार्ग नाही.

आपला कायदाही याबाबत मुका नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ मध्ये, बंदवरून चुकून चालूवर जाऊ शकेल असा स्विच असेल तर तो सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी, असं लिहिलेलं होतं. चालू यंत्रावर करावीच लागणारी तपासणी किंवा तेलपाणी कोणी करायचं, तर खास प्रशिक्षण घेतलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या आणि रजिस्टरात नाव असलेल्या माणसाने, हे त्यातलं कलम २२ सांगत होतं. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली जी दुरुस्ती झाली तिने माहिती आणि प्रशिक्षण देणं ही मालकाची जबाबदारी ठरवली, आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख मालकाकडेच आहे. मालकांना हे दाखवा. "ठेकेदाराची माणसं, ठेकेदार बघेल" हे उत्तर अपघातानंतर टिकत नाही.

फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांना तर शिकवायचंच, पण त्यांना येतं असं समजून चालू नका. जुन्या फिटरची खोड अशी की तो आपत्कालीन लाल बटण दाबतो आणि आत शिरतो. लाल बटण फक्त कंट्रोलची लाईन तोडतं, पॅनेलमध्ये पॉवर तशीच असते. कोणी बटण फिरवून सोडलं, कुठे कंट्रोलची वायर घासून जुळली, की मशीन पुन्हा सुरू व्हायला मोकळं. कुलूप घालायचं ते आयसोलेटरला किंवा एमसीसीबीला, म्हणजे मशीनची मूळ वीज तोडणाऱ्या स्विचला. इलेक्ट्रिशियनची खोड वेगळी. तो वीज बंद करतो आणि काम झालं समजतो, कारण त्याच्या लेखी ऊर्जा म्हणजे वीज. पण तुमच्या धान्य भरडणाऱ्या हॅमर मिलचा रोटर वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतो. एलिव्हेटरची एक बाजू मालाने भरलेली असेल तर पट्टा वजनाने उलटा पळतो. न्यूमॅटिक गेटच्या सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते. पेलेट मशीनला वाफ येत असेल तर ती वेगळी. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये स्विच पाडल्यावरही काही मिनिटं विजेचा मारणारा दाब असतो, म्हणून त्याच्या झाकणावर थांबायची वेळ छापलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये मी हेच फ्लायव्हीलच्या बाबतीत पाहिलं. मोटर बंद, चाक फिरतंय, रॅम (वरून दाब देणारा भाग) वर अधांतरी, आणि डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, तो बसवणाऱ्या सेटरचा हात. तिथे रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय कुलपाला काही अर्थ नाही.

म्हणून पहिल्या गटाच्या ट्रेनिंगमध्ये मी एक दिवस वर्गात अजिबात बसवत नाही. प्रत्येक मशीनपाशी जाऊन त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतो: इथे काय काय येतं, कुठून येतं, कुठे बंद होतं, आणि बंद केल्यावर काय शिल्लक राहतं. लातूरकडच्याच एका डाळमिलमध्ये असा कागद लिहिताना एका फिटरच्या लक्षात आलं की ज्या पंख्याची वीज आपण सहा वर्षं या पॅनेलवरून बंद करत होतो, तो पंखा दुसऱ्याच पॅनेलवर आहे. या पॅनेलवर पाटी होती, वायर नव्हती. सहा वर्षं तो त्या पंख्याची पाती साफ करत होता. कागद खाली ठेवून तो बराच वेळ गप्प बसला. म्हणून शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची: कुलूप लावल्यावर आजूबाजूला कोणी नाही हे पाहून स्टार्ट दाबायचं, मशीन हलत नाही याची खात्री करायची आणि स्विच परत बंदवर आणायचा. वायरीला हात लावायचा असेल तर टेस्टर आधी चालू लाईनवर तपासायचा, मग बंद लाईनवर, मग पुन्हा चालू लाईनवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो बंद लाईनचीच खबर देतो.

हंगामी माणसांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मराठवाड्यात हा मोठा प्रश्न आहे. साखर कारखान्यात मोळी टाकली की चार-पाच महिने गाळप, आणि मग ओव्हरहॉलिंग. ट्रेनिंग ठेवतात ऑफ सीझनला, कारण तेव्हा वेळ असतो. तेव्हा हजर असतात कायम कामगार. हंगामात गव्हाणीवर आणि मिलवर उभी राहणारी हंगामी माणसं घरी असतात. ती बॉयलर पेटल्यावर येतात आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्या घासायला आत उतरणारी टोळी तर अनेकदा बाहेरून आणलेली असते. तिथे धोका वाफेचा. एक व्हॉल्व्ह बंद असला तरी तो गळत असतो, म्हणून दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ड्रेन उघडा, नाही तर फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, वाट बुजवणारी ब्लाइंड प्लेट, आणि प्रत्येक ठिकाणी साखळी-कुलूप. हे त्या टोळीच्या मुकादमाला कळलं पाहिजे, त्याच्या नावाचं कुलूप तिथे हवं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचंही. अनेक कुलपं एकत्र अडकवायची हॅस्प याचसाठी असते. शेवटचा माणूस बाहेर आला नाही तर त्याचं कुलूप निघत नाही, आणि ते निघालं नाही तर वाफ सुटत नाही. तुमच्याकडेही मक्याच्या हंगामात रोजंदारीवर माणसं वाढत असतील, तर ट्रेनिंग त्यांच्या पहिल्या दिवशी ठेवा, तुमच्या सोयीच्या महिन्यात नको.

पुण्याहून मशीन कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येतो, त्याला शिकवायची गरज नाही असं वाटतं. त्याला मशीन माहीत असतं, तुमचा कारखाना माहीत नसतो. तुमचा जनरेटर, तुमचं पॅनेल आणि तुमची कुलपाची पद्धत गेटवरच दहा मिनिटांत समजावून सांगा, आणि त्याच्या कुलपाशेजारी तुमच्या माणसाचंही कुलूप लावा. कूलर-पंखा दुरुस्त करणारा, वेल्डर, रंगारी, पत्रे बदलणारा, सगळ्यांना हाच नियम.

ऑफिसातली माणसं, वजनकाट्यावरचा, वॉचमन, हमाल, ट्रक ड्रायव्हर यांच्यासाठी पंधरा मिनिटं पुरे. लाल कुलूप दाखवा, हातात द्या, सांगा. यात वॉचमनकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण सुट्टीच्या दिवशी बोअर चालू करणं, मेन पाडणं, लाईट घेणं ही कामं तोच करतो.

आणि आता जे नाव तुमच्या यादीत नक्की नसेल ते: मालक. सुपरवायझर म्हणून तुम्ही स्वतः, आणि तुमच्या वरचे. आजवर मी जी कुलपं तुटलेली पाहिली त्यातली बहुतेक कामगाराने स्वतःच्या मनाने तोडलेली नव्हती. वरून फोन आला होता, "गाडी उभी आहे, चालू करा." फिटर घरी गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, मग कटर आणला. कुलूप काढायची वेळ येतेच, पण तिची रीत ठरलेली हवी. ज्याचं कुलूप तो आवारात नाही याची खात्री, त्याला फोन, मशीनच्या आत स्वतः डोकावून पाहणं, जबाबदार माणसाची सही, आणि तो परत आला की काम सुरू करण्याआधी त्याला सांगणं. मालकांना पाऊण तास बसवा. ते बसले हे कामगारांना दिसलं तर पुढचं निम्मं काम झालं. एका कारखान्यात मालकांनी स्वतःच्या नावाचं कुलूप करून घेतलं आणि मिक्सर तपासायला उतरताना सगळ्यांसमोर लावलं. तिथे मला नंतर फारसं शिकवावं लागलं नाही.

कुठे गरज नाही तेही सांगतो, नाही तर सगळ्यालाच कुलूप लावायच्या नादात माणसं कंटाळतात. हातातल्या ग्राइंडरची प्लग-पिन काढली आणि ती काम करणाऱ्याच्या नजरेसमोर, हाताशी आहे, तर कुलूप नको. त्याला दुसरी कुठली शक्ती नाही एवढंच पाहा.

शिकवायचं ते त्याच्या भाषेत. तुमच्याकडे बिहार-उत्तर प्रदेशची पोरं असतील तर हिंदीत. वाचता येत नसेल तर चित्र आणि रंग, आणि चिठ्ठीवर नावासोबत फोटो. एकदा शिकवून विसरू नका. मशीन बदललं, जागा बदलली, माणसाचं काम बदललं, वायरिंग नवीन झालं, की पुन्हा. वर्षातून एकदा तरी दुसऱ्या एखाद्या जाणकाराने प्रत्यक्ष काम चालू असताना उभं राहून बघावं, आणि चुकलेलं दिसलं की तिथेच परत शिकवावं. रजिस्टरात नाव, तारीख, कोणत्या मशीनवर शिकवलं, कोणी शिकवलं, एवढं हवं. ऑडिटर ते मागतोच.

पण सही किंवा अंगठा घेऊन कोणाला उत्तीर्ण करू नका. माणसाला त्याच्या मशीनपाशी न्या, कुलूप आणि चिठ्ठी हातात द्या आणि म्हणा, "तुला आता आत उतरायचंय, करून दाखव." तुम्ही एक शब्द बोलू नका, फक्त बघा. कुलूप योग्य जागी लावलं, किल्ली खिशात टाकली, हवा सोडली, पण स्टार्ट दाबून न बघताच झाकणाला हात घातला, तर तिथेच थांबवा, कुलूप परत घ्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बोलवा. तोवर मिक्सरमध्ये तो उतरणार नाही, दुसरा कोणीतरी उतरेल.